उत्तम नजर दफ्तरी अधू समजण्याबाबत, किंवा पडदा फिरवण्याबाबत

दिनांक : ३ डिसेंबर

प्रति,
मा. उपमुख्याध्यापक,
सोलबात कन्या उच्च माध्यमिक विद्यालय,
चोंजू

विषय : माझी नजर उत्तम असली तरी निरोप समारंभापर्यंत ती दफ्तरी अधू समजण्याबाबत. ते जमत नसल्यास, पडदा मागच्या भिंतीवर लावण्याबाबत.

संदर्भ : माझा नोव्हेंबरमधला अर्ज, जो आपण हेवा वाटावा इतक्या तत्परतेने मंजूर केलात.

महोदय,

मी खाली सही करणार ओक दान-बी, इयत्ता अंतिम, तुकडी चौथी, आपणास सविनय कळवते की, चष्म्याचा नंबर उणे आठ असल्याने मी तिन्ही वर्षं पहिल्या रांगेत बसले. दर महिन्याला डब्यातून, आकडे लिहिलेल्या आइस्क्रीमच्या काड्या काढून सगळ्यांच्या जागा ठरतात. माझी मात्र कधीच नाही, कारण अधू दृष्टीच्या विद्यार्थिनीस फळ्याजवळ बसवावे असा नियम आहे. माझी मैत्रीण मा सोदाम ही वर्गात सर्वांत उंच. तिची जागा शेवटच्या रांगेत खिडकीशी, तीही राखीव. एकाच तुकडीत असूनही आम्ही एकदाही शेजारी बसलेलो नाही. निरोप समारंभानंतर ती वडिलांकडे उल्सानला राहायला जाणार आहे. माझ्या अर्जाचं सगळं कारण एवढंच आहे. बाकी सगळा तपशील आहे, पण तो वाचावा ही विनंती, कारण तो मजेदार आहे.

प्रवेशपरीक्षा संपली आणि आईने माझा चष्मा घालवण्याचा शब्द पाळला. लेसरसाठी दवाखान्यात गेले तर तिथे आमचा अर्धा वर्ग बसलेला! व्यायामाच्या सरांनी तिथेच हजेरी घेतली असती तरी चाललं असतं. डॉक्टर म्हणाले, "हिरव्या दिव्याकडे बघ, आणि काही झालं तरी हसू नकोस." त्यांनी असं सांगितल्यावर हसू आवरणं किती अवघड असतं हे आपण जाणताच. सुकवलेली माकूळ मासळी शेगडीवर भाजल्यासारखा वास आला, आणि तो माझ्याच डोळ्यांचा आहे हे कळेपर्यंत सगळं उरकलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला समोरच्या इमारतीवरचा आकडा दिसला. झाडाला सुटी सुटी पानं असतात हे दिसलं. आईच्या हनुवटीवरचा तीळ दिसला. मी ओरडले, "आई, तुला तीळ आहे!" आई म्हणाली, "तू जन्मायच्या आधीपासून आहे, बाई. आता शेजाऱ्यांना नको सांगूस." प्योन बाईंच्या दातात जेवणानंतर मिरचीचा कण अडकतो तोही दिसतो, पण वर्गशिक्षिकेबद्दल मी त्याहून जास्त काही लिहिणार नाही.

अशा नजरेच्या जोरावर मी काडी काढण्याची परवानगी मागितली आणि आपण ती दिलीत. एक मुलगी शाळा बदलून गेल्यामुळे माझ्यासाठी जागाही होती. परवा सकाळी डब्यात हात घातला. महोदय, शेवटची रांग! सोदामच्या राखीव खुर्चीला लागून असलेली खुर्ची! मी इतक्या उंच उडी मारली की डबा सांडला. मागे वळून पाहते तर सोदामची खुर्ची रिकामी.

सोदाम पुढे होती. पहिल्या रांगेत, माझ्या जुन्या जागेवर, नाकावर नवाकोरा गोल चष्मा. शेजारच्या खुर्चीवर थाप मारून मलाच बोलावत होती.

झालं होतं असं. मी लेसर करून घेतलं तरी मागे बसू देतील याची तिला खात्री नव्हती. म्हणून मला न सांगता ती चष्म्याच्या दुकानात गेली. मुद्दाम चुकीची अक्षरं वाचायची आणि पुढे जागा मिळवायची असा बेत होता. दुकानदार तपासून म्हणाले, "पोरी, खोटं बोलायची काही गरजच नाही. तुला खरंच दिसत नाहीये." तिला इतकी वर्षं वाटायचं, फळा सगळ्यांनाच पुसट दिसतो! तिचा अर्जही आपण त्याच दिवशी मंजूर केलात. अर्ज इतक्या झटपट मंजूर होतात हे ठाऊक असतं तर आम्ही दोघींनी एकमेकींना आधी सांगितलं असतं.

आता काडी निघाल्यावर जागा बदलायची नाही असा नियम. मी प्योन बाईंकडे गेले आणि मला पुन्हा अधू समजा म्हणाले. त्या म्हणाल्या, "कालपर्यंत दिसतं, दिसतं म्हणून वर्ग डोक्यावर घेतलास. आता काय, डोळे परत केलेस?" मी पुरावा म्हणून त्यांच्यादेखत पाण्याच्या यंत्राला वाकून "नमस्कार, बाई" म्हटलं. त्या म्हणाल्या, "मी इकडे आहे. आणि मी इतकी चौकोनी नाही." या प्रसंगाची आपण दखल न घेतल्यास आभारी होईन.

शेवटच्या रांगेतून मला आता सोदामची पाठ दिसते. चष्म्याची काडी कानामागे टोचते म्हणून ती सारखी कान चोळते, तेही दिसतं. ती हसली की आधी तिचे खांदे हलतात. ती कशाला हसली हे मात्र मला तास संपल्यावरच कळतं. तीन वर्षं तिने माझी पाठ अशीच पाहिली असणार, शिवाय पुसट. मला एकदा तरी तिच्यासोबत त्याच वेळी हसायचं आहे.

म्हणून, नजर अधू समजणं नियमात बसत नसेल तर माझी दुसरी विनंती अशी. परीक्षा झाल्यापासून फळ्यावर कोणी काही लिहीत नाही. रोज पडद्यावर चित्रपटच असतो. तो पडदा मागच्या भिंतीवर लावावा आणि सगळ्यांनी बाकं फिरवावीत. मग शेवटची रांग हीच पहिली होईल. मी काडीने मिळालेल्या जागेवरून हलणार नाही, म्हणजे तो नियम सांभाळला जाईल. आणि अधू दृष्टीच्या विद्यार्थिनीस पडद्याजवळ बसवावं लागेल. पहिल्या रांगेतल्या बाकी सगळ्याजणींनी लेसर करून घेतल्यामुळे आता वर्गात अशी विद्यार्थिनी एकच आहे, आणि तिची खिडकीजवळची राखीव खुर्ची रिकामी आहे. ती खुर्ची कोपऱ्यात असल्याने तिच्या उंचीचाही कोणाला त्रास नाही. सध्या तिच्यामागच्या मुलींना नायकाचं फक्त कपाळ दिसतं आणि त्या फार चिडलेल्या आहेत.

प्योन बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी मागच्या भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हे डोकं परीक्षेत कुठे होतं?" मी याला त्यांची संमती समजते. बाकं फिरवायला सगळा वर्ग तयार आहे. फक्त आपली सही हवी. शुक्रवारी विनोदी चित्रपट आहे, तेव्हा त्याआधी मिळाली तर फार बरं होईल.

आपली नम्र आणि आता लांबूनही नमस्कार करू शकणारी,
ओक दान-बी

सोबत :
१) माझा नेत्रतपासणीचा दाखला (नको इतका चांगला).
२) मा सोदामचा दाखला (खरा).
३) मागच्या भिंतीवर, छताशी, पडदा अडकवण्याजोगा जुना खिळा आहे, त्याचा फोटो. तो आजवर कोणाला दिसला नव्हता. मला दिसला.