वर्तुळ मोडायचं नाही

३ जून
आमच्या शाळेचा इतिहास लिहायला घेतला. पहिलं वाक्य झकास जमलं: ‘ही शाळा एका वर्तुळातून जन्मली.’ घंटा नाही, परीक्षा नाही. रोज सकाळी सगळे गोल बसतात, ठराव होतात. विरोधात एक हात जरी वर गेला, तरी ठराव बारगळतो. आणि कुणी शाळा सोडली तरी त्याची खुर्ची हलवायची नाही, हजेरीत नावही घ्यायचं. वर्तुळ मोडायचं नाही! कल्पना माझीच.
दुसरं वाक्य उद्या.

९ जून
मूड नव्हता. जुळे भाऊ गेले. त्यांची आई म्हणे, रिकाम्या खुर्च्यांच्या मध्ये बसायला पोरं घाबरतात. घाबरायचं काय त्यात? खुर्च्या खातात का? त्या दोघांच्याही तशाच ठेवल्या. खुर्च्या बघितल्या तर शाळा कुठे कमी झालीय?

१६ जून
चित्रकलेच्या बाईंनी राजीनामा दिला. गेलेल्या मुलांची नावं घेताना त्यांना ‘हजर’ असं ऐकू आलं म्हणे. बाई तशाही हळव्याच.
मला तर रोज ऐकू येतं. मी जातोय का सोडून? उलट बरं वाटतं.

२४ जून, सकाळी
वर्तुळात आता उरलो मी आणि माझी मुलगी. बाकीचे आहेत असं धरून चाललो. ठराव मांडला: शाळा चालू ठेवायची. विरोधात कुणी, विचारल्यावर मुलीने हात वर केला. आळस देत होती, अशी नोंद केली. ठराव मंजूर.

२५ जून
बायकोने मुलीला घंटावाल्या शाळेत घातलं. पोर झोपेत शाळा सोडलेल्या मुलांची हजेरी घेते, आता बास झालं, म्हणाली. मला न विचारता! इतिहासात हे प्रकरण गाळावं.
निघताना मुलगी म्हणाली, बाबा, माझी खुर्ची तिथे ठेवू नका, नाव पण घेऊ नका, मी काही मेले नाहीये.
बघू म्हटलं. लहान आहे, तिला काय कळतंय.

२८ जून
आज इतिहास संपवायचाच. वर्तुळात जाऊन बसलो. नावं घेतली. कुणीच ‘हजर’ म्हणालं नाही. मुलीच्या खुर्चीपाशी आलो आणि तिचं नाव काही घेता येईना. खूप भीती वाटली.
शेवटी ठराव मांडला: शाळा चालू ठेवायची. विरोधात कुणी?
एक हात वर गेला. माझाच.
आळस देत नव्हतो.