कलाव्याखालचा कपलर

अण्णा,

रविवारी तुमच्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि मला शिसारी आली. उंदरांच्या लेंड्या, शेंगदाण्याची टरफलं, बॅटरीच्या तोंडावर साचलेली हिरवट भुकटी, आणि एका कोपऱ्यात चिंध्यांचं घरटं, त्यात वाळून चामडं झालेलं एक पिल्लू. तुम्ही गेल्यापासून गाडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभीच होती, तेव्हा उंदरांचा तरी काय दोष. तुमच्या हयातीत हिचा काय थाट होता! रोज सकाळी मलमलच्या फडक्यानं पुसायचात, काचेवर कुणाच्या बोटाचा ठसा दिसला तर घर डोक्यावर घ्यायचात. शेजारचे भैया म्हणायचे, "गाड़ी हो तो बाबूजी जैसी।" मी नाक पदरानं झाकून ती घाण झाडूनं बाहेर काढत होते आणि मला तेच वाक्य आठवत होतं.

त्या घाणीत एक वस्तू ओळखीची निघाली. तुमचा कलावा, पूजेतला लाल-पिवळा धागा, तेलानं काळा ठिक्कर पडलेला. खंडेनवमीला आपल्याकडे पेचकस, पाने, आईची विळी, सगळ्यांना हळदकुंकू लागायचं आणि शेवटी पाळी गाडीची. चाकाखाली लिंबू तर इथं सगळेच ठेवतात, पण तुम्ही बॉनेट उघडून आत इंजिनावर धागा बांधायचात. मी तबक धरून उभी आहे, तुम्ही वाकून बांधताय, तुमच्या पाठीआड मला काही दिसत नाही. दर वर्षी जुन्या धाग्यावर नवा. जुना सोडायचा नसतो, असं तुम्ही सांगितलंत आणि मी ते शास्त्र समजले. आपलं घराणं इकडे उत्तरेतल्या गुरसरायच्या मराठी दरबारात होतं, आपल्याकडे असं असतं, एवढं म्हटलं की आमची तोंडं बंद व्हायची.

गाडी चालवायला तुम्हीच शिकवलंत, हे मी विसरलेले नाही. बबीन्याच्या रस्त्यावर, सुटीच्या दिवशी, शेजारच्या सीटवर बसून. खूश असायचात तेव्हा. ऑफिसात सांगितलंही होतंत की आमची मुलगी गाडी चालवते. मग मला लांब टहरौलीच्या कॉलेजात शिकवायची नोकरी लागली. बसच्या वेळा जुळत नव्हत्या, तुमच्या ऑफिसला तर तुम्ही सायकलवरही जाऊ शकत होतात, म्हणून मी गाडी मागितली. तुम्ही "बघू" म्हणालात. त्याच आठवड्यात, तुम्ही शेजारी बसलेले आणि मी गाडी चालवत असताना, रेल्वेच्या पुलावर तिनं पहिला झटका दिला. मग दुसरा, मग बंद. मागे ट्रकवाले हॉर्न बडवतायत, लोक खिडकीत वाकून बघतायत. रागावलात की तुम्ही हिंदीत शिरायचात. सगळ्यांसमोर म्हणालात, "चाबी दो। तुमसे नहीं होगा।" घरी आल्यावर शांतपणे मराठीत सांगितलंत, तुझ्या क्लचनं गाडी बिघडली, कुणाचा हात लागलाय ते यंत्राला कळतं. मी विश्वास ठेवला. मधल्या रस्त्यात बंद पडली तर काय करशील, असंही विचारलंत. मी टहरौलीला नकार कळवला, घरापासून पायी जाण्याइतक्या शाळेत लागले आणि तिथंच जन्म काढला. पुन्हा कुठल्याही गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नाही. त्या महिन्यात तुम्ही माझ्यासाठी मोतिया रंगाची चंदेरी साडी आणलीत. केवढी हरखले होते मी!

आता शाळेतली नोकरी संपली आहे, वेळच वेळ आहे. एका मेकॅनिकनं "बेच दीजिए, मैडम, कबाड़ है" म्हटल्यावर मला हट्ट चढला. फोनवर बघून बघून शिकले. नवी बॅटरी घातली, टाकीतलं सडकं पेट्रोल काढलं, गाडी सुरू झाली आणि लागली तशीच झटके द्यायला. इथले मेकॅनिक त्याला मिसिंग म्हणतात, म्हणजे तीन सिलिंडरपैकी एखादं मधूनच काम टाकून बसतं. प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारा एक इंजेक्टर असतो आणि त्याच्या डोक्यावर विजेच्या तारांचा प्लास्टिकचा कपलर. इंजिन चालू ठेवून एकेक कपलर काढायचा. आवाज पडला तर ते सिलिंडर ठीक. पहिला काढला, आवाज पडला. तिसरा काढला, पडला. मधल्यावर तुमचा कलावा होता. धाग्याला नुसतं बोट लागलं तर इंजिन अडखळलं, बोट काढलं तर सावरलं. मी इंजिन बंद केलं आणि शिवणाची कात्री आणली.

थर निघतच गेले. खाली कपलर होता आणि त्याला पकडून ठेवणारी तारेची क्लिप तुटलेली. पडणार नाही इतका घट्ट आणि नीट बसणार नाही इतका सैल, असा तो धाग्यानं बांधलेला होता. मग मला गॅरेजमधले तुम्ही आठवलात. हात मागे बांधून उभे, आणि कुणी त्या धाग्याकडे हात नेला की, "उसे छोड़ो, पूजा का है।" बिचारे प्लग बदलून द्यायचे.

मी तो धाग्याचा गुंता आईपुढे धरला. ती व्हरांड्यात मटार सोलत होती.

"ती क्लिप होय," ती म्हणाली. "ह्यांना ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"तुटलीय ते. पुलावर बंद पडली ना तुझ्याकडून, त्याच संध्याकाळी बघितलं त्यांनी. बाजारात मिळते म्हणाले, जरासं काम आहे. पण म्हणाले, राहू दे अशीच. नीट झाली की ही टहरौलीला निघेल."

"आणि तू गप्प बसलीस?"

"मी काय बोलणार होते? एकटी मुलगी, तो सुनसान रस्ता. मलाही भीती वाटायची. आता जाऊ दे ना, अब क्या रखा है उसमें." आणि तिनं पुढची शेंग उचलली.

अण्णा, आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारे लोक असतात हे ऐकून होते, पण तुम्ही तर रोज सकाळी ते कापलेलं नाक घेऊन सिविल लाइंसमध्ये ऑफिसला जात होतात. रिटायर होईपर्यंत झटके खात गेलात. आपल्या घराच्या फाटकाशी तुमचे सोबती हसायचे, "बाबूजी, गाड़ी को हिचकी आ रही है!" आणि तुम्ही सांगायचात, "बिटिया ने सीखी थी इस पर।" हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. मान खाली घालून आत निघून गेले होते मी. सरळ नाही म्हणाला असतात तर मी भांडले असते, चार दिवस जेवले नसते, कदाचित तरीही गेले असते. तुम्ही मला नाही म्हटलंच नाहीत. तुला येत नाही म्हणालात, वर त्याला हळदकुंकू वाहिलंत आणि तबक माझ्याच हातात दिलंत. मेलेल्या उंदराची घाण धुतली की जाते. ही कशानं जाणार?

दुसऱ्या दिवशी तीन नवे कपलर आणले, उरलेल्या दोन्हींचंही प्लास्टिक बिस्किटासारखं चुरा होत होतं. बॅटरीची तार सोडली, जुन्या तारा एकेक करून कापल्या, नव्या जोडल्या, सांध्यावर रबरी नळी चढवून ती गरम करून आवळली. नवा कपलर बसताना टक् असा आवाज येतो. एवढ्या टक्साठी माझं टहरौली गेलं. ट्रंकेतून ती चंदेरी काढली आणि तिनं इंजिनातलं तेल मोजायची पट्टी पुसली. रेशीम तेल नीट टिपत नाही, हेही कळलं.

मग चावी फिरवली. गाडी सुरू झाली, एका लयीत, कुठं अडखळणं नाही. मी पायानं वेग वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला. आई हातातली शेंग तशीच धरून बघत राहिली, कारण मी काहीतरी मोठ्यानं बोलले होते. काय बोलले ते तिच्या तोंडाकडे बघून माझ्या लक्षात आलं.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहून टाकते. "अण्णा, ऐका ना, मला आलं," असं म्हणाले मी. या सगळ्या घाणीत मला सगळ्यात जास्त किळस त्याची आली.