आत्याचा अर्ज

नाना, तुमच्या तसबिरीसमोरून उठून हे लिहायला बसले आहे, आणि मनात माया अजिबात नाही. झरीपासून पाथरीपर्यंत लोक अजून तुमच्यातल्या शिस्तीच्या कारकुनाचं कौतुक करतात. मला मात्र एकच दिवस आठवतो. आत्या बोरीहून निराधार पगाराचा अर्ज घेऊन आली होती. सकाळी आपल्या स्वयंपाकघरात तुमच्याच शेजारी बसून तिने भाकरी खाल्ली, आणि दुपारी कचेरीत तुम्ही तिला रांगेत उभं केलंत. मृत्यूच्या दाखल्यावर तिच्या नवऱ्याचं नाव एक, रेशनकार्डावर दुसरं. "कागदावर ही दोन माणसं दिसायलीत, अक्का. न्हाई जमायचं." दाजींच्या तिरडीला तुम्ही स्वतः खांदा दिला होता, तरी ते मेल्याची तुम्हाला खात्री नव्हती! आईने जाब विचारला, तर म्हणालात, "वळखीचं माणूस असलं की कागद आनखी बारीक बघायचा." मला तेव्हा ते थोर वाटलं. शाळेत सांगत सुटले. आत्याने लोकांच्या रानात कापूस वेचून पोरं वाढवली.

नियम सगळ्यांना सारखा झाला की अन्याय संपला, असं तुम्हाला वाटायचं. वशिला गेला, कबूल. पण समोरच्या माणसाची चौकशी करणंही त्याच्याबरोबर गेलं. कोणी रडत परत गेलं तरी चूक कुणाचीच नाही. साहेबाची नाही, कारकुनाची तर नाहीच. ही कोरडी सोय तुम्ही जन्मभर पुजलीत आणि तिला प्रामाणिकपणा म्हणालात. मला त्याचा संताप येतो.

आता मी त्याच कामाला आहे. पुढ्यात संगणक आणि अंगठ्याचं मशीन. आत्याला पगार मिळाला, पण पुष्कळ उशिरा, आणि तो चालू राहायला दरवर्षी हयातीची नोंद लागते. परवा ती त्यासाठी आली. ठसा नीट उठतो असं कोणीतरी सांगितलं म्हणून बोटं राखेने घासघासून आली होती. कापसाने झिजवून उरलेल्या रेषाही त्यात गेल्या. मशीनवर पाच वेळा लाल दिवा लागला. मी पडद्याकडे बघतच म्हटलं, "मशीन घेईना, आत्या. पुढच्या महिन्यात ये."

तिने बोटं पदराला पुसली. मग म्हणाली, "तुजा बाप लय कडू व्हता, माय. पर न्हाई म्हणताना त्यानं माज्या तोंडाकडं तरी बघितलं व्हतं."

तुमच्यावर ओरडायला हे पत्र लिहायला घेतलं होतं. आता फाडणार आहे. अंगठा उठला नाही तर हाताने भरायचा एक नमुना असतो, नाना. 'या बाईंना मी ओळखते, त्या जिवंत आहेत,' असं लिहून खाली सही करायची. तो माझ्याच खणात होता. मी काढला नाही. आणि ती गेल्यावर मला हायसं वाटलं.