ह्यांचा मणका आणि न सांगितलेली दहा मिनिटं

सोमवार, ता. ३ फेब्रुवारी

सगळ्यांच्या आधी टपकल्या त्या आमच्या थोरल्या जाऊबाई. आठालाच. मी ईशूला तेल चोळत होते, हात तेलाचे, पदर कसाबसा दातात धरून दार उघडलं. दारातूनच सुरू, "काय गं, ऑपरेशनची तारीख मिळाली आणि आमाला लोकांकडनं कळायचं व्हय?" लोक कोण? त्यांचेच मालक! परवा ह्यांच्याबरोबर दवाखान्यात थोरले भावजीच तर होते.

मग रीघच लागली. चार शहाळी, दोन बिस्किटपुडे, आणि सल्ले मोजायचेच नाहीत. एक म्हणते हाडवैद्याकडे न्या, दुसरी म्हणते मणक्याला हातच लावू देऊ नका. हे पलंगावर पडून सगळ्यांना हो हो म्हणतात. कमरेच्या मणक्यात नस दाबली गेलीय. घरातनं फाटकापर्यंत गेले की डावा पाय पेटतो, फाटकाला धरून उभे राहतात. येत्या शुक्रवारी नाही, पुढच्या, ता. १४ ला ऑप. पिंपरीला.

ईशू आज तीन पावलं चालली!! कुणाचा हात नाही, काही नाही. सव्वा वर्षाची माझी नात, आमच्या मुलाची, सुहासची लेक. जाऊबाईंच्या देखत चालली हे फार बरं झालं, नाहीतर म्हणाल्या असत्या आजी फुगवून सांगते.

मंगळवार, ता. ४

काल लिहायचं ते लिहिलंच नाही. पाहुण्यांचंच लिहीत बसले.

शनिवारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "गेल्या काही महिन्यांत कधी हात-पाय बधिर पडला? तोंड वाकडं झालं? जीभ जड?" भावजी म्हणाले, "छ्या! बैल हाय आमचा भाऊ, बैल." हे हसले. डॉक्टरांनी कागदावर ‘नाही’ असं लिहिलं. मी मागे भिंतीला. आमच्यात थोरल्या दिरासमोर बाई बोलत नाही. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, अजून भावजी आले की मी खुर्चीवरनं उठते.

पण तसं नाहीये. संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी. हे दुपारचे जेवत होते. भाकरी मोडता येईना. उजवा हात ताटात नुसता पडला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. मी म्हटलं काय झालं, तर बोलले ते तोंडातल्या तोंडात, मला काही कळलं नाही. मी हात चोळत बसले. दहा मिनिटं असतील. मग हात उचलला आणि म्हणाले, "मुंग्या आल्या होत्या गं. सुहासला सांगितलंस तर माझ्या गळ्याची शपथ." आणि राहिलेली भाकरी खाल्ली.

शपथ म्हणून नाही सांगितलं. आता वाटतं

गुरुवार, ता. ६

सुहासने माळ्यावरनं पांगुळगाडा काढला. त्याचाच, लहानपणचा. रंग उडालाय पण चाकं फिरतात. ह्यांना दवाखान्यातनं वॉकर आलाय. सकाळी ओसरीत एकीकडनं ईशूचा गाडा, दुसरीकडनं ह्यांचा वॉकर, मधे गाठ पडली आणि दोघं अडले. ईशू मागे हटेना. हे म्हणाले, "बाई, तुझा चालू दे, माझा जुना माल हाय." मी इतकी हसले की चहा उतू गेला.

सूनबाई कंपनीतनं, पहिल्या शिफ्टवरनं आली. तिला सहज विचारलं, म्हटलं माझ्या माहेरच्या एका बाईच्या नवऱ्याचा हात दहा मिनिटं गेला आणि परत आला, ते काय असतं गं? स्वाती म्हणाली, "आई, तो छोटा झटका असणार. लकव्याची आधीची वर्दी म्हणतात. आमच्या लाइनवरच्या ताईंच्या वडिलांना असंच झालेलं, पुढे मोठा आला. त्या बाईंनी डॉक्टरांना सांगितलं का?"

मी म्हटलं विचारते.

रविवार, ता. ९

रक्त पातळ करायची गोळी आजपासून बंद. पाच दिवस आधी बंद करा असं कागदावर लिहून दिलंय. ह्यांच्या हृदयासाठी ही गोळी चार वर्षं रोज चालू आहे. रक्त पातळ असलं तर मणक्यापाशी रक्तस्राव होतो, म्हणून बंद. ते पटतं. पण ज्या गोळीने रक्ताची गाठ होत नाही तीच बंद केल्यावर गाठ झाली म्हणजे? इकडे आड तिकडे विहीर. आणि डॉक्टरांना आडच माहीत आहे, विहीर मला एकटीला.

भावजी आले. डबाभर पेढे, म्हणे ऑप.नंतर दुकान बंद असलं तर? ह्यांच्याशी गप्पा. मी आतनं हे कप कुठल्या हाताने धरतात तेच बघत होते. उजव्याच.

सोमवार, ता. १०

स्वातीला सांगितलं. माहेरची बाई वगैरे काही नाही म्हटलं. ती रागावली नाही, नुसती खाली बसली. म्हणाली, उद्या भुलीच्या डॉक्टरांची तपासणी आहे ना, तिथे बोला. मी सुट्टी टाकू का? मी म्हटलं नको, बोलते मी.

बोलते म्हटलं खरं. भावजी येणार आहेत गाडीतनं.

मंगळवार, ता. ११

मोशीपासनं गाडी मुंगीसारखी. भावजी पुढे, आम्ही मागे. मी वाक्य पाठ करत होते. शाळा चौथीपर्यंतच, पण कविता पाठ करताना इतकं घाबरले नव्हते.

भुलीच्या डॉक्टर म्हणजे पोरगीच, आमच्या स्वातीएवढी. तिने तेच विचारलं. भावजी तेच म्हणाले, "काई न्हाई. बैल हाय."

मी म्हटलं, "झालं होतं."

इतकं बारीक की मलाच ऐकू आलं नाही. पुन्हा म्हटलं. हे म्हणाले, "गप." भावजी वळले. मी डोळे खाली ठेवले पण बोलणं थांबवलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, "काका, तुम्ही दोघं जरा थांबा. आजी, कुठला हात?" मी म्हटलं भाकरी मोडायचा. किती वेळ? बोलणं कसं? एकदाच का? तिने सगळं लिहून घेतलं. मग लगेच मानेच्या नसांची सोनोग्राफी. डावीकडची नस आतनं बरीच अरुंद झालीय.

शुक्रवारचं ऑप. रद्द. गोळी आजच सुरू करा म्हणाल्या. आधी मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचं, मग मणका, कदाचित काही महिन्यांनी.

घर आल्यावर भावजी म्हणाले, "दवाखान्यात माजं नाक कापलं. आपल्या घरात हे न्हवतं."

बुधवार, ता. १२

हे बोलत नाहीत. चहा ठेवला की पितात, कप खाली ठेवतात. मला म्हणायचे ते एकच, "मोडलीस शपथ."

डॉक्टर बाईंनी सुहासला फोनवर नीट सांगितलं. एकदा छोटा झटका आला की पुढचे काही महिने धोक्याचे. त्यात मोठं ऑपरेशन, पालथं झोपवून, रक्तदाब खाली-वर, गोळी बंद. मग टेबलावर किंवा नंतरच्या चार-आठ दिवसांत लकवा येऊ शकतो. येईलच असं नाही. पण धोका जास्त आहे. आणि दुसरीकडे पाय. पायातली ताकद जायला लागली किंवा लघवी अडली तर थांबायचं नाही, तसंच घेऊन या.

म्हणजे मी तोंडाकडेही बघायचं आणि पायाकडेही.

झटका कसा ओळखायचा तेही सांगितलं. हसवून बघा, दोन्ही हात उचलायला लावा, एक वाक्य बोलायला लावा. काही वेगळं दिसलं तर वाट न बघता थेट मोठा दवाखाना. हात चोळत बसायचं नाही. ते मला होतं.

शुक्रवार, ता. १४

आज ऑप. झालं असतं. दिवसभर घड्याळ बघितलं. आता नेलं असतं, आता बाहेर आणलं असतं.

माझ्याशी अबोला, मग ह्यांना हसवणार कोण? ईशूला पुढे केली. पलंगाला धरून उभी राहते आणि टाळ्या वाजवते. हेही वाजवतात. दोन्ही हात आले! मग ती नाक मुरडते, हे हसतात, मी दारातनं बघते ओठ दोन्हीकडे सारखा वर जातो का. मग आतनं ओरडते, ईशूला काऊची गोष्ट सांगा. बोलणंही झालं. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला.

तिसऱ्यांदा पकडलं मला. "काय बघतीस दारात?" म्हटलं नात बघते. "नात इकडं हाय, तू माझ्या तोंडाकडं बघतीस." मग स्वतःच बत्तीशी दाखवली, कवळीसकट, आणि दोन्ही हात वर केले पोलिसांनी पकडल्यासारखे. "झालं समाधान?"

तीन दिवसांनी बोलले. मी आत जाऊन रडले. आनंदाने म्हणायला हरकत नाही.

रविवार, ता. १६

सकाळी हे फाटकापर्यंत जाऊन आले. मागनं मी गेले तर डाव्या पायाची चप्पल वाटेत पडलेली. ह्यांना कळलंच नव्हतं. अनवाणी पाय टाकत आले तसेच. पायाचा पंजाही नीट उचलत नाहीत. सुहासने लगेच फोन केला. उद्या सकाळी नऊला घेऊन या म्हणाले, मणक्याचे आणि मेंदूचे डॉक्टर दोघं मिळून बघतील. लघवी अडली तर आत्ताच.

अकराला भावजी-जाऊबाई. चपलेचं ऐकलं आणि भावजी उसळले. "बघा! पाय चालला. शुक्रवारी झालं असतं तर सुटला असता माणूस." चाकणला ओळखीच्या एकाचा दवाखाना आहे, तिथे लगेच करतात, फार विचारत बसत नाहीत. फाईल द्या म्हणाले.

फाईल माझ्या शेजारीच होती. मी उठले नव्हते. भावजी आले तेव्हा ईशू मांडीवर झोपलेली होती म्हणून, दुसरं काही नाही. म्हटलं, "फाईल उद्या लागणार आहे."

जाऊबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग भावजींना म्हणाल्या, "विचारत्यात त्ये बरंच की. न्हाई विचारत त्यांचं भ्या वाटतं मला." भावजी त्यांच्याकडे असे वळले, जणू भिंत बोलली.

हे म्हणाले, मला, सगळ्यांच्या देखत, "तू काय म्हणतीस?"

एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. थांबलं तर पाय जाईल. घाई केली तर अर्धं अंग, बोलणं, ईशूला मारलेली हाक. माझ्या बोलण्याने ऑप. थांबलं, म्हणून पायाचा हिशोब माझ्याकडे येणार. आणि न बोलता

म्हटलं, "मला दोन्हींची भीती वाटते. उद्या दोघं डॉक्टर काय म्हणतात ते मी माझ्या कानांनी ऐकणार. पुढच्या खुर्चीत बसून."

ह्यांनी मान हलवली. हो की काय, कळलं नाही. टाळी मात्र दोन्ही हातांनी वाजवली, ईशू जागी झाली होती.

भावजी चहा न घेता उठले. दारात चपला घालताना म्हणाले, काय ठरतंय बघू, गाडी घेऊनच येतो. जाऊबाईही येणार आहेत. उद्या, आठालाच.