उजवा कौल

॥ श्री ॥
रत्नागिरी, ता. ५-७-१९८३
ती. ताईस उमाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. आमच्या महिला मंडळाला शिवणाचं मशीन देणगीत मिळालं. मशीन एक आणि मागणाऱ्या दोघी! गोदाला शिवण चांगलं येतं. तिचा नवरा मुंबईच्या गिरणीत होता, संपापासून घरी बसलाय. दुसरी हेमा, वकिलांची सून. तिच्या सासूबाईंच्या पडवीत आमच्या सभा भरतात, मंडळाला दुसरी जागा नाही. अध्यक्ष मी, पण मला ठरवता येईना. म्हणून ग्रामदेवीला कौल लावला. गुरवाने मूर्तीला पाकळ्या चिकटवल्या, मी विचारलं, मशीन हेमाकडे द्यावं का? उजवी पाकळी पडली. देवीनेच हो म्हटलं, मी सुटले. गोदा हात जोडून निघून गेली.

मुलांना तुझी आठवण येते. आमच्यावरची माया राहू दे.
तुझी उमा

मंडणगड, ता. १३-७-८३
चि. सौ. उमास अ. उ. आ.

लावणी चालू आहे, कंबर मोडली. लहानपणी आईच्या रागापुढे तू मला उभं करायचीस, आता देवीला केलंस होय गं? पण एक सांग. गोदाचं नाव घेऊन कौल लावलास का?

ताई

रत्नागिरी, ता. २१-७-८३
ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र देवापुढे बसून वाचलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाव घेतलंच नव्हतं. तिच्या नावाने उजवी पडली असती तर पडवी गेली असती ना!

मंगळवारी सभेत सर्वांदेखत हे सांगितलं. हेमाच्या सासूबाई उठून आत गेल्या, दार लावून घेतलं. आता आमची सभा माझ्या मागील दारी, पागोळ्या अंगावर घेत. मशीन मी स्वतः हातगाडीवर घालून, वर इरलं टाकून गोदाकडे नेलं. वाटलं, हरखेल. ती पदराने मशीन पुसत म्हणाली, वैनी, देवीला कशाला तरास दिलात? पडवीची अडचण मला सांगायची होतीत. मीच म्हटलं असतं, द्या हेमावैनीला.

ताई, तिला विचारायचं मला सुचलंच नव्हतं गं. येताना देऊळ वाटेत होतं. पायरीशी थांबले, वर चढवेना.

कागद संपला. रागाव हवं तर, पण पत्र धाडायचं सोडू नकोस.
तुझी उमा