एकही दगड हलणार नाही

२ मार्च

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं रोजनिशी लिहितात आणि कालपासून मी मोठा माणूस आहे. डोंगर बचाव समितीचा अध्यक्ष. निवड एकमताने. हजर चौघे: मी, शेजारचा न्हावी (आता उपाध्यक्ष), मेहुणा, आणि एक बाई ज्या खरं तर बायकोकडे कपड्याचं माप द्यायला आल्या होत्या. मतदानाच्या वेळी त्यांचाही हात वर होता. माप घेताना तो वर करावाच लागतो, असं मेहुणा म्हणाला. मेहुण्याच्या विनोदांकडे लक्ष द्यायचं नाही, हा पहिला संकल्प.

परिस्थिती थोडक्यात. आमचं शहर शेकडो वर्षं या डोंगरातल्या चांदीवर जगलं. डोंगराची आतून चाळण झाली आहे आणि माथा दरवर्षी थोडा थोडा खचतो. गेल्या आठवड्यात वारसा खात्याच्या इंजिनियर बाई आल्या. आमच्या वरच्या गल्लीतल्या प्रत्येक घरात भिंतीच्या भेगेवर काचेची एक पट्टी आडवी चिकटवून गेल्या. भिंत हलली की काच तडकते. जूनमध्ये बाई परत येणार. पट्ट्या शाबूत असल्या तर गल्ली वारसा यादीत, डागडुजी खात्याकडून, आणि आम्ही इथेच. तडकल्या तर घरं रिकामी करून सगळ्यांची रवानगी खालच्या कॉलनीत, जिथे मेहुणा राहतो आणि जिथे प्रत्येक खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते.

हे घर सासऱ्यांनी बांधलं. ते खाणकामगार होते. बायको इथेच जन्मली. ती म्हणाली की मला आयुष्यात दुसरं काही नको, एवढं घर राहू दे. मी शब्द दिला. मीसुद्धा खाणीतलाच माणूस आहे. तीस वर्षं खाण कंपनीच्या स्टेशनरी विभागात काढली आहेत.

५ मार्च

समितीचा बोर्ड रंगवून घेतला. ‘एकही दगड हलणार नाही.’ घोषणा माझी. न्हाव्याच्या डोळ्यांत पाणी आलं. साबण गेला असं तो म्हणाला, पण मला कळतं.

बोर्ड उभा करायला ओटा हवा. ओट्याला दगड हवेत. बघू.

६ मार्च, सकाळी

कल्पना सुचली. अशी कल्पना शहरात गेल्या पन्नास वर्षांत कोणाला सुचलेली नसणार.

आमच्या स्वयंपाकघराखाली तळघर आहे. तळघराच्या मागच्या भिंतीत एक जुनं भुयार आहे, थेट डोंगरात जाणारं. सासऱ्यांनी ते दगडांनी गच्च भरून ठेवलंय. ते मोकळं करायचं, आत दिवे लावायचे, आणि जूनमध्ये इंजिनियर बाई आल्या की दार उघडून म्हणायचं, या. अस्सल खाण, राहत्या घरात. यादीत पहिलं नाव आमच्या घराचं.

बायकोला सांगितलं. ती शिवता शिवता थांबली. म्हणाली की बाबांनी ते हौस म्हणून भरलेलं नाही, भरलेलं भुयार उपसायचं नसतं, हे या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. मी तिला शांतपणे समजावलं की वारसा असा कोंडून ठेवायचा नसतो, लोकांपुढे आणायचा असतो. तिने पुन्हा मशीन सुरू केलं. मूक संमती.

१० मार्च

शुभारंभ. रोज फक्त दोन बादल्या, असा नियम केला आहे. आरोग्यालाही चांगलं.

११ मार्च

कंबर. आज विश्रांती.

१२ मार्च

कंबर.

१७ मार्च

जोम आला आहे. दोन बादल्यांचा नियम भेकडांसाठी होता, रद्द केला. निघालेल्या दगडांचा दारासमोर सुंदर ओटा झाला. वर बोर्ड. येणारेजाणारे थांबून वाचतात. शहराचा वारसा म्हणजे काय हे आता लोकांना रोज दिसेल.

२१ मार्च

खाणीच्या सहकारी संस्थेवर मोर्चा. मागणी: सुरुंग बंद करा, आमच्या भिंती हादरतात. उपस्थिती मोठी असती, पण बऱ्याच जणांना बाजार होता. मॅनेजर बाहेर आले. म्हणाले की गल्लीच्या बाजूला कित्येक वर्षांत एकही सुरुंग उडालेला नाही. मी म्हणालो की मला शिकवू नका, मी खाणीतला माणूस आहे. त्यांनी विचारलं, कुठल्या लेव्हलला होता. मी म्हणालो, स्टोअर्सला. त्यांनी विचारलं, जमिनीखालच्या का. मग मी विषय बदलला, कारण मोर्चात मुद्द्याला धरून राहावं लागतं.

२९ मार्च

आता भुयारात वाकून उभं राहता येतं. आज एक कुजका लाकडी टेकू सापडला आणि एक उंदीर. टेकू प्रदर्शनात ठेवणार. उंदराने ऐकलं नाही.

मेहुण्याला दाखवायला नेलं. तो तळघराच्या पायरीवरच उभा राहिला आणि म्हणाला, भाऊजी, डोंगर पोखरून उंदीर काढतात हे ऐकलं होतं, काढणारा माणूस आज पाहिला. संकल्प आठवला. लक्ष दिलं नाही. दिवसभर.

४ एप्रिल

स्वयंपाकघरातली पट्टी तडकली!

न्हाव्याकडे धावलो. त्याची शाबूत. पलीकडच्या बेकरीवाल्याची शाबूत. सगळ्या गल्लीची पाहणी केली, सगळ्यांच्या शाबूत. म्हणजे दोष डोंगराचा नाही, घरातल्याच कुठल्यातरी कंपनाचा आहे. शास्त्रीय पद्धतीने विचार केला. या घरात दिवसभर काय धडधडतं? शिलाई मशीन.

बायकोला सांगितलं की घर हवं की मशीन, ठरव. तिने मशीनवरचं कापड झटकलं. मग म्हणाली की तळघरातून येणाऱ्या धुळीने माणसांचे कपडे खराब होतात, ते आधी बघा. मुद्दा नसला की माणूस विषय बदलतो.

संध्याकाळपासून ती हाताने शिवतेय. वाईट वाटलं. पण नेतृत्व म्हणजे हेच.

६ एप्रिल

इंजिनियर बाईंना कळवावं का? नको. बिचाऱ्या उगाच काळजी करतील. सासऱ्यांच्या फोटोच्या सोनेरी फ्रेममधली काच काढली, मोजून पट्टी कापली, चिकटवली. जुनी कुठली आणि नवी कुठली, मलाही ओळखता येईना. देखभाल म्हणजे शेवटी काय? आपला हात जगन्नाथ.

१४ एप्रिल

दुसरी पट्टीही तडकली. मशीन बंद असून.

आता संशय दारावर. मेहुणा दार आपटतो. त्याला यायची बंदी.

फ्रेममधून अजून दोन पट्ट्या निघतील. देव पाठीशी आहे.

१६ एप्रिल

बायको फोटो पुसायला गेली आणि कपडा थेट तिच्या वडिलांच्या नाकाला लागला. काच कुठे, असं तिने विचारलं. मी म्हणालो की जुन्या वस्तूंना हवा लागू द्यावी, तज्ज्ञांचं तसं मत आहे. तिने कुठला तज्ज्ञ ते विचारलं नाही. तिला माहीत असावं.

२३ एप्रिल

स्वयंपाकघराचं दार लागेना. सुतार आला. त्याने ओळंबा लावून पाहिला आणि म्हणाला की दार फुगलेलं नाही, चौकट कलली आहे. या लोकांना काम वाढवून सांगायची सवय असते. मी त्याला दाराची वरची बाजू रंध्याने तासायला लावली. आता दार छान लागतं. वर एक फट राहिली, तिच्यातून सकाळी ऊन येतं. पूर्वी त्या कोपऱ्यात अंधार असायचा.

२ मे

भुयार पूर्ण! आत दिवे लावले. एका कोनाड्यात टेकू, एका कोनाड्यात माझा खाण कंपनीतला सत्काराचा फोटो. उपाध्यक्ष या नात्याने न्हाव्याला रंगीत तालमीसाठी बोलावलं. मी माहिती सांगत पुढे चाललो होतो. ‘आपण आता डोंगराच्या काळजात आहोत’ या वाक्याला त्याच्या खांद्यावर वरून एक दगड पडला. लिंबाएवढा असेल. मागे वळून पाहिलं तर न्हावी नव्हता. दुकानात गिऱ्हाईक आलं होतं म्हणे. आज त्याची सुट्टी असते.

३ मे

न्हाव्याचा राजीनामा. कारण: प्रकृती. खांद्याला शेक घेत होता. ध्येयवादी माणूस शेवटी एकटाच असतो.

११ मे

बायको समोरच्या खोलीत झोपायला लागली आहे. म्हणते की मागच्या भिंतीतून आवाज येतात. जुनी घरं बोलतात, मी तिला सांगितलं.

आज ती माझ्याशेजारी येऊन बसली. रागावली नव्हती, तेच मला जड गेलं. म्हणाली की ती लहान असताना त्या भुयाराच्या तोंडाशी जमीन खचायला लागली होती. बाबा खाणीतून सुटले की रोज येताना पिशवीतून दगड आणायचे आणि आत रचायचे. ती आणि तिची आई हातोहात दगड पोचवायच्या. त्या दगडांवर हे घर उभं आहे. भरून टाका ना परत, असं म्हणाली. आजवर तिने माझ्याकडे असं काही मागितलेलं नाही.

मला खरंच भरून आलं. बाई येऊन गेल्या की लगेच भरतो, असं कबूल केलं. आता थोड्यासाठी सगळं वाया घालवायचं म्हणजे घोडं नदीच्या काठाशी आणून तहानलेलं ठेवायचं. ती उठून गेली.

२० मे

पट्टी क्रमांक चार बसवली. फ्रेम संपली. बाई लवकर आल्या तर बरं.

३ जून, संध्याकाळी

बाई आल्या. बरोबर खात्याचे आणखी दोघे. गल्लीच्या त्या टोकापासून सुरुवात. घरोघर पट्ट्या शाबूत. लोक दारात उभे, चेहरे उजळलेले. बेकरीवाल्याने सगळ्यांना गरम पाव वाटले. मी प्रत्येक घराबाहेर अध्यक्ष म्हणून उभा होतो.

मग आमचं घर. बाईंनी पट्टी पाहिली. बोटाने चाचपली. म्हणाल्या की त्यांच्या प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात बारीक नंबर कोरलेला असतो, इथे नंबर नाही, सोनेरी रंगाची रेघ आहे. मी सांगितलं की देखभाल समितीने केली, आभाराची गरज नाही. मग त्या दाराच्या वरची फट बराच वेळ बघत होत्या. मला वाटलं, त्यांनाही ऊन आवडलं.

मी म्हणालो, आता खरी गंमत. तळघरात नेलं. दिवे लावले. मी आत जाऊन पहिलं वाक्य सुरू केलं. बाई तोंडाशीच थांबल्या. अगदी हळू आवाजात म्हणाल्या की काका, कशालाही हात न लावता बाहेर या. मी आलो. त्यांनी विचारलं की आतले दगड कुठे आहेत. मी त्यांना बाहेर नेऊन ओटा दाखवला. बोर्ड त्यांनी वाचला. दोनदा वाचला असावा.

गल्लीचा निकाल तिथेच लागला. डोंगर आमच्या बाजूला तसूभरही हललेला नाही. संपूर्ण गल्ली वारसा यादीत जाणार. फक्त एक घर सरकलं आहे, आणि ते डोंगरामुळे नाही. ते आजच्या आज रिकामं करायचं. भुयार पुन्हा भरलं, भिंतीला आधार दिला, तर कदाचित वाचेल. कदाचित.

बायकोने फक्त एकच विचारलं, मशीन नेऊ का. बाई म्हणाल्या, चटकन न्या.

४ जून

मेहुण्याकडे. त्याने एकही विनोद केला नाही. केला असता तर बरं वाटलं असतं.

घराखालची जागा मूळचीच भुसभुशीत असणार, असा एक मुद्दा आहे. खात्याला लिहावं का? उद्या बघू.

७ जून

नाही लिहिलं. मुद्दा तितकासा चांगला नाही.

दुपारी बायको एकटीच वर जाऊन आली. गल्लीत दोर बांधलाय, आत सोडत नाहीत. दोराबाहेर उभी राहून घर बघून आली. काय बघितलंस असं विचारलं. म्हणाली की मागची बाजू अजून उभी आहे. मग लोकांचे अर्धवट शिवलेले कपडे घेऊन बसली. या खोलीत खिडकीपाशी जागा नाही, दिवा लावून शिवते. मला त्या दिव्याकडे बघवेना. मी म्हणालो की चुकलं माझं. ती म्हणाली, सुई ओवून द्या. दिली.

१२ जून

समितीची सभा, मेहुण्याच्या घरी. एवढी गर्दी आधी कधी झाली नव्हती. सगळी गल्ली आली. न्हावीसुद्धा आला, प्रकृती सुधारलेली दिसली. नव्या अध्यक्ष: बायको. ठराव पहिला, बाईंच्या देखरेखीखाली प्रत्येक घरातल्या एका माणसाने येऊन भुयार भरायला हात लावायचा. ठराव दुसरा, काम पूर्ण होईपर्यंत माजी अध्यक्षांनी गल्लीत पाऊल टाकायचं नाही. दुसऱ्या ठरावाला अनुमोदन कोण देणार म्हणून सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेजारधर्म, कोणाला वाईटपणा नको होता. बायको मान खाली घालून बसली होती. शेवटी मीच दिलं.

सभा संपली, माणसं पांगायला लागली. मीही उठलो, चप्पल घातली, दार उघडलं. मेहुण्याने विचारलं, भाऊजी, कुठे निघालात. मी म्हणालो, घरी.

कोणी हसलं नाही.