ओसाकावाल्याचा सोबा

ओसाका, १० नोव्हेंबर १९९६

ती. किनुएताईस, धाकट्या मोरिहिकोचा सा. न. वि. वि.

तुझी पेटी काल पोहोचली. दर नोव्हेंबरात तू नव्या पिकाचा सोबा पाठवतेस. तो तू लाटून, शेवयांसारखा लांब कापून, लहान बाळाला दुपट्यात ठेवावं तसा कागदात निजवलेला असतो. सुमिकोने सकाळीच आधण ठेवलं, मुळा किसला, आणि पेटीतून काय निघालं? दोन किलो कुट्टूचं पीठ! वर चिठ्ठी, की आता नोकरीतून मोकळा झाला आहेस, हात आहेत, कर स्वतः.

ताई, मी पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं काढली. चाळीस माणसं माझ्या सहीसाठी खोळंबायची. अशा माणसाला तू पिठाच्या पिशवीवर बोळवलंस. आळस अंगात शिरला असेल तर तसं सांग, वयच आहे तुझं. अक्षरही काय झालंय ते! कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून चालत गेली असं सुमिको म्हणाली. (मी म्हणालो. तिचं नाव पुढे केलं.)

असो. पीठ आणि पाणी, एवढंच तर आहे. करून दाखवतो. ३१ डिसेंबरला नेहमीप्रमाणे आम्ही दोघं येऊ, तेव्हा तू नुसती बसून खा.

लोभ आहे तेवढा पुरे, पण पुढच्या वर्षी सोबाच पाठव.

तुझा,
मोरिहिको


कामिसावा, १७ नोव्हेंबर

चि. मोरिहिको यास ताईचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. चाळीस माणसं सहीसाठी खोळंबायची हे वाचून ओसाकाच्या नळांना पाणी का येत नव्हतं ते कळलं.

अक्षराचं म्हणशील, तर मांजर मांडीवर बसतं आणि कोपर ढकलतं. माझ्या मांडीवर निदान मांजर तरी बसतं.

आता ऐक. कुट्टूच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, ते तुझ्यासारखंच असतं, जरा दुर्लक्ष झालं की तुटतं. पाच वाट्यांतली एक वाटी गव्हाचं पीठ घाल. नुसत्या कुट्टूचा सोबा आपल्याकडे मुलींना लग्नाआधी यावा लागे, तुला तो या जन्मी येणार नाही. पाणी एकदम ओतू नकोस. थोडं शिंपड आणि बोटांच्या टोकांनी फिरव, तळवा लावू नकोस. आधी वाळू दिसेल, मग वाटाणे दिसतील, मग ते आपणहून एकमेकांना धरतील. तोवर घाई करायची नाही. चाळीस माणसांना थांबवलंस, पिठासाठी दोन मिनिटं थांब.

बाकी सगळं ठीक. तुरट पर्सिमनची फळं सोलून सुकायला वळचणीखाली टांगलीत. शेजारच्या हातानोबाईंनी पीक कापायला मदत केली. ३१ तारखेला येण्याची तसदी घेऊ नका. छपराचं काम काढायचंय, गाद्याही धड नाहीत.

सुमिकोला आशीर्वाद. तिची दया येते.

तुझी,
किनुएताई


ओसाका, १ डिसेंबर

ती. किनुएताईस सा. न. वि. वि.

लाकडी फळा, तीन लाटणी आणि हातभर लांब सुरी आणली. दुकानदाराने मला विचारलं की आपण कुठे शिकलात. मी शिन्शूचा आहे एवढंच बोललो. सोब्याचा मुलूख म्हटल्यावर त्याने मान लवून नमस्कार केला. त्याला तू भेटायला हवी होतीस.

पहिल्या दिवशी वाळू दिसली. वाटाणे दिसले नाहीत. दुसऱ्या दिवशी एकदम चिखल झाला. तिसऱ्या दिवशी पोळी लाटता आली, पण घडी घालताना आमच्या गल्लीतल्या रस्त्यासारख्या भेगा पडल्या. सातव्या दिवशी, ताई, सोबा झाला! जरा जाड झाला हे मान्य. सुमिको म्हणाली की हा गव्हाचा जाड उडॉन आहे असं सांगितलं तर ओसाकात खपेल. शेजारच्या मिझोगुची आजोबांनी एक घास घेऊन डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. मी त्याचा अर्थ चांगला लावला.

आठव्या दिवसाचा सोबा आज बर्फाच्या पेटीतून पाठवतोय. खरं मत कळव. छपराचं काम डिसेंबरात, बर्फात कोण काढतं? आम्ही येणारच.

सुमिको मैत्रिणींबरोबर तुझ्या बाजूच्या गरम झऱ्यांना आंघोळीला निघाली आहे. जाता जाता डोकावेल.

तुझा (सोबा करणारा) भाऊ,
मोरिहिको


कामिसावा, ७ डिसेंबर

चि. मोरिहिकोस अ. उ. आ.

पेटी पोहोचली. आधी वाटलं चामड्याचे पट्टे पाठवलेस, मग वास आला. खरं मत मागितलंस म्हणून सांगते. कापताना तू सुरी दाबतोस. सुरी दाबायची नसते, तिच्या वजनाने तिला पडू द्यायची. शिवाय उकडून झाल्यावर थंडगार पाण्यात चोळून धुतलास का? नसशील. अंगावर पिठाची शाल घेऊनच आला बिचारा. हातानोबाईंच्या कुत्र्याला द्यावा म्हटलं, पण ते म्हातारं आहे, त्याचे हाल कशाला.

सुमिकोला सांग, इकडे फार थंडी आहे, वाकडी वाट करू नकोस. मी कदाचित घरी नसेन.

तुझी,
किनुएताई


कामिसावा, १२ डिसेंबर

श्री. मोरिहिको यांस, सुमिकोचा शि. सा. न.

पत्र पाहून दचकू नका. मी वन्संकडे आहे. फोन केला असता, पण फोन याच खोलीत आहे आणि वन्संचे कान शाबूत आहेत.

त्या घरीच होत्या. दार उघडलं तेव्हा उजवा हात एप्रनच्या खिशात होता. चहा डाव्या हाताने ओतला. मी म्हटलं, थंडी वाजतेय का हाताला? त्या म्हणाल्या, खिशात गोळ्या आहेत, तुला द्यायच्या नाहीत. तासाभराने बशी घसरली, त्यांनी सवयीने उजवा हात काढला, आणि तो हात तसाच अर्धवट उघडा राहिला. बशी फुटली. मग आम्ही दोघी खाली बसून तुकडे वेचले.

मे महिन्यात त्या स्वयंपाकघरात पडल्या होत्या. अर्धं अंग गेलं होतं, पाय परत आला, हात आला नाही. एकोणीस दिवस इस्पितळात होत्या आणि ओसाकाला कळवायचं नाही अशी साऱ्या गावाला ताकीद होती. हातानोबाईंनी पीक पेरलं, कापलं, दळलंही त्यांनीच. तुम्हाला येतात ती पत्रं वन्सं डाव्या हाताने लिहितात, एका पत्राला दोन दिवस लागतात. मांजर गेल्या वर्षीच वारलं.

मी रडले, तर मला म्हणाल्या की नाक पुसून घे, सोब्यात पडेल. का लपवलं म्हणून विचारलं. म्हणाल्या, मोरिहिको आला तर माझ्यावर दया करेल, आणि त्याला ती करता येत नाही, उगाच दोघांचं हसं होईल.

आणखी एक. तुमचा सोबा कुत्र्याला मिळालेला नाही. हातानोबाई सांगत होत्या, तीन दिवस एकट्याच खात होत्या, चव घ्यायलाही कुणाला दिला नाही.

परवा येते. तुम्ही गप्प राहायचं ठरवलंत तरी जमणार नाही, हे मला ठाऊक आहे.

आपली,
सुमिको


ओसाका, १६ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

सुमिको परतली. मला सगळं कळलं. मी फार रागावलोय आणि त्या रागात चार पत्रं लिहून फाडली, म्हणून हे छोटं आहे.

मी सुमिकोला घेऊन २९ तारखेला दुपारच्या बसने येतोय. फळा, लाटणी, सुरी घेऊन. छपरावर झोपायला सांगितलंस तर छपरावर झोपेन.

मोरिहिको


कामिसावा, ९ जानेवारी १९९७

चि. मोरिहिको यास ताईचे अ. उ. आशीर्वाद. नवं वर्ष तुम्हा दोघांना सुखाचं जावो, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

सुखरूप पोहोचल्याचं तुझं कार्ड आलं. अक्षर सुंदर आहे, दोन्ही हात धडधाकट असल्याचं कळलं.

पाठीवर फळा बांधून बसमधून उतरलास, तेव्हा हातानोबाईंना वाटलं कुणी दार विकायला आलंय. मी खुर्चीत बसून नुसतं तोंड चालवलं आणि तू साठाव्या वर्षी प्रथमच माझं ऐकलंस. पाणी शिंपडलंस, थांबलास, सुरी पडू दिलीस. सोबा बारीक झाला. आईच्या तोडीचा नव्हता. माझ्याही नव्हता. पण सोबा होता. हे एकदाच सांगतेय, पत्र जपून ठेव.

ऑगस्टात पेरणीला येतो म्हणालास. ये. शेत मी हातानोबाईंना देऊन टाकणार होते, ते आता देत नाही. मात्र मिझोगुची आजोबांना आणू नकोस.

आता मनातलं लिहिते, त्यासाठीच तीन दिवस हे पत्र चाललंय. ३१ च्या संध्याकाळी तू सगळ्यांची ताटं लावलीस. तुझ्या नि सुमिकोच्या ताटात लांबलचक सोबा होता. माझा तू स्वयंपाकघरातच बोटाएवढा कापून आणलास, मला डाव्या हाताने उचलता यावा म्हणून. वर्षाच्या शेवटच्या दिवशी माणूस लांब सोबा खातो तो आयुष्य लांबावं म्हणून, हे तुला मी शिकवायला हवं? मी ताट तुझ्याकडे सरकवलं आणि तुझं ओढून घेतलं. मग काय झालं ते तू पाहिलंस. अर्धा सोबा मांडीवर, अर्धा हनुवटीवर, रस्सा किमोनोच्या गळ्यात. सुमिको पाणी आणायच्या निमित्ताने उठली. तू मान खाली घालून ते बोटभर तुकडे एकेक करून खात राहिलास.

हसला नाहीस.

मी भाताच्या खाचरात चिखलात पडले तेव्हा तू हसलास. लग्नात माझा केसांचा टोप तिरका झाला तेव्हा पाहुण्यांसमोर हसलास. त्या संध्याकाळी हसला नाहीस, आणि इस्पितळात एकोणीस दिवसांत वाटली नव्हती एवढी भीती मला तेव्हा वाटली.

ऑगस्टात मी पुन्हा लांबच खाणार आहे. पुन्हा सांडेल. तेव्हा हस.

लोभ आहेच. तो दाखवताना तोंड पाडू नये, ही विनंती.

तुझी,
किनुएताई